मुद्देमालाची कावीळ

१

सोमवारी सकाळी हवालदार चनमल्लप्पांच्या लक्षात आलं, की मुद्देमालाला कावीळ झाली आहे.

मुद्देमाल म्हणजे चौकीच्या पडवीतल्या तीन कुंड्या. कुंड्यांत तीन झाडं. ती कसली, यावरच खटला चालू होता. सरकारचं म्हणणं गांजाची. आरोपी सिद्रामप्पा यांचं, म्हणजे त्यांच्या आडके वकिलांचं, म्हणणं अंबाडीची. अंबाडीचं पानही पंजासारखं असतं, कडेला दातेरी असतं, आणि अंबाडीची भाजी केली म्हणून सोलापुरात अजून कुणाला अटक झालेली नाही, असं आडके वकील कोर्टात म्हणाले होते. मागोमाग सिद्रामप्पांनीही उभं राहून अंबाडीच म्हटलं होतं.

तपासणीसाठी पाठवलेली पानं वाटेतच कुजली. अंबाडी आंबट असते, तेव्हा पान चाखून बघावं, असं सरकारी वकिलांनी सुचवलं. आडके वकिलांनी हरकत घेतली. पान आंबट निघालं तर माझा अशील सुटतो. आंबट निघालं नाही, तर चाखणारा साक्षीदार नशेत आहे. नशेतल्या माणसाची साक्ष कोर्ट धरणार का?

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी बराच वेळ पंख्याकडे बघितलं. मग हुकूम दिला, झाडं पोलिसांनी जिवंत सांभाळावीत. फूल आलं की काय ते ठरेल.

अंबाडीचं फूल वाटीएवढं, फिकट पिवळं, मधोमध गडद. आंधळ्यालाही कळेल. गांजाला फूल आलं तर ते गांजालाही नीट कळत नाही. त्यामुळे हुकूम शहाणपणाचा होता. फक्त तो चनमल्लप्पांच्या अंगावर पडला. त्यांनी आयुष्यात तुळससुद्धा लावली नव्हती. ते बायकोचं खातं होतं.

फौजदारसाहेबांनी तर स्वच्छच सांगून ठेवलं होतं. "झाडं मेली तर तू आरोपीला फितूर झालास असं मी धरणार. पट्टा काढून टेबलावर ठेवायचा आणि घरी जायचं."

चनमल्लप्पा कुंड्यांसमोर उकिडवे बसले. पहिलं झाड पिवळं. दुसरं पिवळं. तिसरं मात्र हिरवंगार, नुकतीच बढती मिळाल्यासारखं. तिन्हीला एकाच बादलीचं पाणी. तिन्हीवर एकच ऊन.

"धुळाप्पा," त्यांनी शिपायाला हाक मारली. "हितं कुणीतरी इख घालायलंय."

२

गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या विजयमालाबाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. वय तिशीचं, बोलणं मोजकं. वर्गात त्या हसलेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या. चनमल्लप्पा त्यांना घेऊन आले ते वाटभर तोंड उपरण्यात लपवून, जणू बाईंनाच पकडून आणलं आहे.

"बाई, इख हाय का न्हाय तेवढंच सांगा."

"आणि झाड कसलं आहे, ते नको?"

"नको, नको! ते कोर्टाचं काम हाय. तुमी सांगितलं तर तुमाला बी साक्षीला बसावं लागंल."

"मग झाड मला दिसलं नाही," बाई म्हणाल्या आणि पर्समधून भिंग काढून न दिसलेलं झाड बघू लागल्या.

वरची कोवळी पानं पिवळी होती. त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, कुणी पेनाने आखल्यासारख्या. खालची जून पानं ठणठणीत.

"विष नाही," बाई म्हणाल्या. "विषाने पान करपतं, झाड मान टाकतं. ही उपासमार आहे. पण उलटी."

"उलटी उपासमार?" धुळाप्पा म्हणाला.

"खत कमी पडलं, नत्र कमी पडलं, तर झाड खालच्या म्हाताऱ्या पानांच्या तोंडचं काढून वरच्या पोरांना देतं. मग आधी म्हातारी पिवळी पडतात. इथं पोरं पिवळी आहेत. म्हणजे कमी पडलंय ते लोह. लोह एकदा एका पानात बसलं की तिथून उठत नाही. म्हाताऱ्यांकडे भरपूर असलं तरी पोरांना मिळत नाही."

"आमच्या भावकीसारकं," धुळाप्पा म्हणाला.

चनमल्लप्पांना एकदम मार्ग दिसला. "लोखंडच पायजे ना? आत बेड्या हाईत. दोन कुंडीत दोन पुरतो."

"बेडी पुरून उपयोग नाही. मातीत लोह आहे. त्याला कुणीतरी कुलूप लावलंय. एक लिंबू मिळेल?"

लिंबू म्हटल्यावर धुळाप्पा दोन पावलं मागे सरला. "बाई, चौकीत करणीबिरणी नको. साहेब रागावत्यात."

लिंबू शेवटी समोरच्या रसवंतीवाल्याकडून आलं. बाईंनी ते कापून पहिल्या कुंडीतल्या मातीवर पिळलं. मातीतून फस्स आवाज आला आणि वर पांढरा फेस धरला. दुसऱ्या कुंडीतही तेच. तिसऱ्या कुंडीत जेमतेम एक बुडबुडा आला, तोही नाइलाजाने.

"मातीत चुनखडीसारखं काहीतरी पडतंय," बाई हात पुसत म्हणाल्या. "ते पडलं की लोह असून नसल्यासारखं होतं. आणि हे एका दिवसाचं काम नाही."

चनमल्लप्पांनी चटकन भिंतीकडे बोट केलं. भिंतीच्या चुन्याचे पोपडे निघाले होते.

"भिंत तिन्ही कुंड्यांच्या मागे आहे," बाई म्हणाल्या. "आणि भिंत निवड करत नाही. हे माणसाने घातलंय, हवालदार. आणि तो माणूस इथं रोज येतो."

३

रोज येणारे तिघे. पाणी घालणारा धुळाप्पा. मुद्देमालाची तब्येत विचारायला येणारे आडके वकील. आणि जामिनावर सुटलेले, रोज हजेरी द्यायला येणारे खुद्द सिद्रामप्पा.

"आणि चौथे तुम्ही," बाई म्हणाल्या.

"मी? मी माज्याच पोटावर पाय दीन व्हय?"

"पाय कुणाचा आहे तेच बघायचंय."

धुळाप्पाची तपासणी बादलीशेजारीच झाली.

"तुला पाणी वाहायचा कंटाळा आहे म्हणतात."

"लई हाय."

"मग झाडं मेली तर बरंच."

धुळाप्पाने दुखावल्यासारखं बघितलं. "बाई, ही झाडं यायच्या आधी मी चौकात उभा हुतो, गाड्यांना हात करत. मे महिना. टोपीत अंडं उकडलं असतं. आता सावलीत बसून पाणी घालतो. झाडं मेली की मी परत चौकात. मी तर ह्यांनी म्हातारं व्हावं म्हणून नवस बोललोय."

"नवस कुणाला?"

"सिद्धेश्वराला. दुसरं कोण ऐकतंय आमचं?"

बाईंनी मान हलवली. स्वार्थ इतका स्वच्छ असला की माणसावर विश्वास ठेवायला सोपं जातं.

आडके वकील सायकलवरून आले. कोट हँडलला अडकवलेला, तोंडात सिगारेट. उतरल्या उतरल्या त्यांनी दाराजवळच्या कुंडीत राख झटकली.

"राख!" चनमल्लप्पा ओरडले. "बाई, राख! धुळाप्पा, धर ह्यास्नी!"

धुळाप्पाने वकिलांना धरलं. मग वकिलांकडे बघून सोडलं.

"हवालदार," बाई म्हणाल्या, "त्यांनी राख कुठल्या कुंडीत झटकली?"

दाराजवळची कुंडी तिसरी होती. हिरवीगार. बाईंनी काडीने माती उकरली तर सिगारेटची थोटकं निघाली, बरीच. वकिलांनी रोज इमानाने त्याच कुंडीत राख टाकली होती आणि तीच कुंडी सुखात होती.

"तरीपण वकीलसाहेब, झाडं मेली तर तुमचाच फायदा," बाई म्हणाल्या.

"निश्चित. मला अतिशय आनंद होईल," आडके म्हणाले. "पण बाई, मी वकील आहे. जे आपोआप होतंय त्याला हात लावून मी उगाच आरोपी कशाला होऊ? त्यासाठी माझ्याकडे अशील आहेत."

अशील तेवढ्यात फाटकातून आत येत होता.

४

सिद्रामप्पांचं नव्या पेठेत सुताच्या गुंड्यांचं दुकान होतं. बुटके, जाड भिंगाचा चष्मा, गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. पट्ट्यांवरून संशय घ्यायचा तर तसेच पट्टे चनमल्लप्पांच्या कपाळावर होते आणि धुळाप्पाच्याही. कपाळ कोरं असं फक्त वकिलांचं होतं, त्यामुळे चनमल्लप्पांचा संशय अजून तिथेच घुटमळत होता.

सिद्रामप्पांनी दाराशी चपला काढल्या. चौकीत येणारी सगळीच माणसं दाराशी चपला काढायची. तसा नियम नव्हता, पण पोलिसांसमोर जाताना अंगावर जेवढं कमी तेवढं बरं, असं लोकांना वाटत असावं.

"शरणार्थ, हवालदार," सिद्रामप्पा म्हणाले.

"शरणार्थ. ह्या बाईंना उत्तरं द्या."

"वकीलसाहेबांनी बोलू नको म्हटलंय."

"झाडाबद्दल बोलू नका," आडके म्हणाले. "बाकी बोला."

"झाडं पिवळी कधीपासून पडली, आठवतं?" बाईंनी विचारलं.

सिद्रामप्पांनी वकिलांकडे बघितलं. हे झाडाबद्दल होतं की बाकी, ते त्यांना ठरवता येईना. "मागली तारीख झाली, तवापासनं," ते शेवटी म्हणाले. "शेंडा बघवंना झालाय, बाई. ह्यावर काय औषध हाय का?"

ज्याला तुरुंगात घालण्यासाठी झाडं जगवायची होती, तोच झाडांना औषध मागत होता.

"नाटक!" चनमल्लप्पा म्हणाले. "बाई, ह्यो माणूस नाटक करायलाय. ह्याच्या पोराबाळांची शपथ घालून सांगतो."

"माझ्या पोरांची शपथ तुमी कशाला घालताय?" सिद्रामप्पा म्हणाले.

"मग माज्या घालतो!"

बाईंचं या भांडणाकडे लक्ष नव्हतं. त्या सिद्रामप्पांच्या चपलांकडे बघत होत्या. एकटक, परीक्षेत नक्कल करणाऱ्या मुलीकडे बघावं तसं. मग त्यांनी भिंग पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, "हवालदार, मला कळलं."

५

"तिसऱ्या कुंडीभोवती बघा," बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी बघितलं. तिसरी कुंडी चपलांच्या ढिगात उभी होती. पेठेतल्या वहाणा, रबरी सपाता, कुणाची तरी टाच नसलेली कोल्हापुरी.

"समजा, तुम्हाला झाडं मारायची आहेत. सगळ्यात सोयीची कुंडी कुठली? हीच. चपला काढायला वाकायचं, मूठ मोकळी करायची, आत जायचं. कुणाला दिसणारही नाही. पण आपल्या माणसाने नेमकी हीच सोडली आणि लांबच्या दोन कुंड्यांपर्यंत चालत गेला. विष घालणारा माणूस चपला बघतो का?"

"न्हाय बघत," धुळाप्पा म्हणाला.

"मग चपला कोण बघतं? असं काय आहे, जे पांढरं असतं, चुरलं तर मातीत मिसळतं, लिंबू पिळलं तर फसफसतं, आणि जे आपण चपलांजवळ टाकणार नाही? जीव गेला तरी नाही?"

चनमल्लप्पांचा हात आपोआप कपाळाकडे गेला. बोटांना पांढरं लागलं. त्यांनी बोटांकडे बघितलं आणि हळूच हात मागे लपवला.

"इबूत," ते म्हणाले.

"बाजारात गट्टा मिळतो ती विभूती. राख, वर खडूची पूड. चिमूटभर पडली तर झाडाला काही होत नाही. इथं चिमूटभर पडलेली नाही."

"म्हंजे मारणारा भक्त हाय?" धुळाप्पा म्हणाला.

"मारणारा नाहीच. तो वाचवत होता."

आडके वकिलांनी घसा साफ केला. "बाई, या पडवीत माझ्याशिवाय सगळेच भक्त आहेत. हवालदार आहेत. हा शिपाई आहे, यानं तर नवस बोललाय."

"बरोबर. पण अंबाडीला विभूती कोण लावतं? उद्या मेथीला लावाल? झाड महादेवाचं आहे असं ज्याला वाटतं, तोच लावेल. आता हवालदारांना आणि धुळाप्पाला ते झाड पहिल्यापासून तेच वाटतंय. मग पिवळेपणा जप्तीपासून सुरू व्हायला हवा होता. तो सुरू झाला मागच्या तारखेनंतर. त्या तारखेला कोर्टात काय झालं?"

"चाखायचं का न्हाय ते झालं," चनमल्लप्पा म्हणाले. "फुलाचा हुकूम झाला. अन्..."

ते थांबले.

"आणि कुणीतरी उभं राहून त्या झाडाला भाजी म्हटलं," बाई म्हणाल्या.

सगळे दाराकडे वळले. सिद्रामप्पा दारातच होते. एक पाय चपलेत, एक बाहेर.

६

त्यांनी चपलेतला पायही बाहेर काढला.

"चुकलं की, बाई."

"सिद्रामप्पा, एक शब्द बोलू नका," आडके म्हणाले.

"साहेब, तुमचंच ऐकून हे झालं." सिद्रामप्पा खाली बसले. "आमच्या घरात शिवरात्रीला थंडाई हुतीय. माझ्या आज्जापासनं. परसात दोनतीन रोपं असत्यात, कुणाला विकत न्हाय, कुणाला देत न्हाय. धरलं तर धरलं. पण वकीलसाहेब म्हणले, अंबाडी म्हणा. म्हटलं मी. भर कोर्टात. देवाच्या झाडाला भाजी म्हटलं! घरला आलो तर जेवण जाईना. बायको ईरम्मा म्हणली, माफी मागा. मागतो म्हटलं, पण कुटं? देवळात जाऊन काय उपेग, अपमान झाडाचा झालाय. झाड चौकीत."

"मग?"

"मग हजेरीला आलो की एक गट्टा चुरून बुडात घालायचो."

"अख्खा गट्टा?"

"कोर्टात खोटं बोलल्याला चिमूट पुरती व्हय?"

"आणि पानं पिवळी पडायला लागली तेव्हा?"

"वाटलं, माफी पोचंना. मग दोन."

धुळाप्पाने तोंड फिरवलं. त्याच्या खांद्यांवरून तो हसतोय की रडतोय ते कळत नव्हतं.

"आणि तिसऱ्या झाडाची?" बाईंनी विचारलं.

"तितं चपला असत्यात. त्येची मनातल्या मनात मागितली."

"म्हणून ते जगलं," बाई म्हणाल्या.

चनमल्लप्पा कठड्याला टेकून उभे होते. त्यांच्या डोक्यात हिशेब चालला होता आणि तो चेहऱ्यावर दिसत होता. आरोपीने मुद्देमाल बिघडवला, असं फौजदारसाहेबांना सांगितलं की पट्टा वाचला. साक्षीदार चार. कबुली समोर बसलेली. पण बिघडवला कसा, तर पूजा करून. हे साहेबांपुढे म्हणायचं कोणत्या तोंडाने, आणि ते तोंड घेऊन घरी बायकोपुढे जायचं कसं?

"बाई," ते म्हणाले, "झाडं जगतील का? तेवढं झालं तर मला कुणाचं नाव सांगायला नको."

"जगतील. वरची माती काढून टाका. जुन्या शेणखताची नवी घाला. आणि हिराकस आणा, ते लोहाचंच मीठ, रंगाऱ्यांकडे असतं. थोडंसंच, पाण्यात विरघळवून. नवा शेंडा हिरवा आला की थांबायचं."

"हिराकस?" सिद्रामप्पा उठले. "आमच्या दुकानाशेजारीच रंगारी हाय. आत्ता आणतो."

"सिद्रामप्पा!" आडके वकिलांचा आवाज चिरकला. "औषध लागू पडलं तर फूल येईल. फूल आलं तर तुम्ही आत जाल. कळतंय का?"

"व्हय की," सिद्रामप्पा म्हणाले आणि चपला घालून लगबगीने निघून गेले.

आडके वकिलांनी नवी सिगारेट तोंडात धरली आणि उलट्या बाजूने पेटवली.

७

शेंडे हिरवे झाले. आधी पहिल्या कुंडीतला, मग दुसऱ्या. फौजदारसाहेब येता-जाता कुंड्यांकडे बघायचे आणि आत जायचे. चनमल्लप्पा मात्र पट्टा झोपतानाही काढत नसत. त्यांच्या बायकोने शेजारणीला सांगितलं, की बक्कल टोचतं पण यांना आता झाडाला फूल आल्याशिवाय धीर नाही.

फुलाआधी तारीख आली.

कुंड्या टांग्यातून कोर्टात नेल्या. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी त्या बघितल्या आणि फूल कुठे आहे, असं विचारलं. अजून नाही, असं सरकारी वकील म्हणाले. मग हवालदार इतके दिवस काय करत होते, असं साहेबांनी विचारलं. चनमल्लप्पांचा हात पट्ट्यावर गेला. फौजदारसाहेबांची नजरही तिथेच गेली.

तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यातून आवाज आला.

"साहेब, फुलाची वाट बघू नका. अंबाडी न्हवं ती."

"माझ्या अशिलाची प्रकृती बरी नाही," आडके वकील उठून म्हणाले.

"मी ठणठणीत हाय. मागल्या टायमाला नव्हतो."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्मा काढला. "मग हे काय आहे?"

"महादेवाचं झाड."

"कायद्यात त्याला गांजा म्हणतात."

"कायद्याला काय म्हणायचं ते म्हणू द्या की," सिद्रामप्पा म्हणाले. "मी भाजी म्हणणार न्हाय."

आडके वकील खाली बसले. साहेबांनी पुन्हा बराच वेळ पंख्याकडे बघितलं. मग दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद, असा निकाल दिला. सिद्रामप्पा मागच्या बाकावर कैदेत बसले. थोड्या वेळाने वीज गेली, पंखा थांबला, साहेब घामाघूम होऊन उठले आणि कोर्ट संपलं. सिद्रामप्पा सुटले.

"तुझी नोकरी राहिली रे," फौजदारसाहेब बाहेर चनमल्लप्पांना म्हणाले. "आणि हे घे."

तो मुद्देमाल नष्ट करण्याचा हुकूम होता.

झाडं नष्ट करायची तर दोन प्रतिष्ठित पंच लागतात. चनमल्लप्पांनी पेठ पालथी घातली. सराफ म्हणाला, मला झाडातलं कळत नाही. कापडवाला म्हणाला, मला पोलिसांतलं कळत नाही. विजयमालाबाईंना निरोप गेला, तर त्यांनी कळवलं की त्यांना अजूनही झाड दिसलेलं नाही. रसवंतीवाला लिंबाच्या ओळखीवर तयार झाला. दुसरा मिळेना. शेवटी सिद्रामप्पांनाच बोलावलं. शिक्षा भोगून झाली होती, दंड भरून झाला होता, आता ते पेठेतल्या कुणाहीइतके प्रतिष्ठित होते.

धुळाप्पाने कोयता आणला. चनमल्लप्पांनी तो हातात घेतला आणि उगाच धार बघितली. मग पुन्हा एकदा बघितली. पहिल्या झाडाच्या शेंड्यावर नवी पानं निघाली होती, करंगळीएवढी, तेलकट हिरवी.

"कोर्टानं सांगितलं म्हणून वाढवली," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "आता कोर्टानंच सांगितलं म्हणून कापायची."

"हवालदार," सिद्रामप्पा म्हणाले, "आधी पाणी घालू का? सकाळधरनं कुणी घातलेलं दिसंना."

चनमल्लप्पांनी कोयता कठड्यावर ठेवला, आत गेले आणि स्वतःच्या हाताने बादली भरून आणली. सिद्रामप्पांनी तिन्ही कुंड्यांत सावकाश पाणी घातलं. ते पूर्ण मुरेपर्यंत चौघेही तिथेच उभे होते, रसवंतीवालासुद्धा, गिऱ्हाईक हाका मारत असताना.

पंचनाम्यात पाण्याचा उल्लेख नाही.